यजमानांचं नाव

आमच्या बाबांना सगळी वाडी देवमाणूस म्हणायची, आणि ते ऐकलं की माझ्या कपाळाला आठी पडायची. म्हणणाऱ्यांचं काय जातं? त्यांनी रविवारी सकाळी यायचं, मालक-भाडेकरूचं भांडण पुढ्यात टाकायचं, फुकटचा सल्ला घ्यायचा, वर आईच्या हातचा चहा पिऊन जायचं. देवमाणसाबरोबर चोवीस तास राहायचं होतं ते आम्हाला.

तसे ते चांगलेच होते, हे आधी कबूल करून टाकते, नाहीतर मी बापाच्या तक्रारी मांडायला बसले आहे असं वाटेल. गिरगावात आमच्या तीन खोल्या. पुढची खोली म्हणजे त्यांचं ऑफिस. भाड्याचे दावे, नळावरच्या मारामाऱ्या, पागडीची भानगड, असलीच कामं त्यांच्याकडे असायची. मोठा पैसा त्यात नव्हता, पण मान होता. ते रस्त्याने निघाले की पानवाला दुकानातून हात जोडायचा. घरात मात्र वकिली अजिबात नसे. सकाळी पिशवी घेऊन ते स्वतः मासळी बाजारात जात, पापलेटाचे कल्ले उचलून बघत आणि कोळणीशी हुज्जत घालत. आई महिन्यातून बाजूला बसली की भात तेच लावत आणि माझी वेणीही घालत. फायलीची लाल नाडी आवळावी तशी घट्ट. शाळेत दिवसभर माझं डोकं दुखायचं, पण माझ्या वर्गात दुसऱ्या कुठल्या मुलीचा बाप वेणी घालत नव्हता, त्यामुळे मी ते मिरवायचे.

त्यांची एकच गोष्ट अशी होती की तिथे हात लावायची सोय नव्हती. ती म्हणजे त्यांचं नाव. नाव म्हणजे लौकिक. कोणाच्या वर्गणीच्या पावतीवर, कोणाच्या मंडळाच्या पत्रिकेवर त्यांना न विचारता नाव छापलं की देवमाणूस दोन दिवस जेवताना बोलत नसे. "नाव एकदा गेलं की अपील नाही," असं ते म्हणत. मला वाटे, नाव काय कुठे जाणार? दाराच्या पाटीवर तर आहे.

आई लालबागची. तिचे वडील गिरणीत हेडक्लार्क, घरात मालवणी बोलणं, चाळीत शंभर माणसं आणि सगळ्यांचे एकमेकांशी आवाज चढवून संबंध. तिथून ती आमच्या घरी आली आणि हळू बोलायला शिकली. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही ही तेव्हाची रीत सगळ्याच बायका पाळत, पण आईची तऱ्हा जरा जास्तच होती. लग्नामुंजीत उखाण्यापुरती बायकांना मोकळीक असते. तिथेही आई ते नाव तोंडातल्या तोंडात घेऊन टाकायची आणि पुढच्या बाईला ढोसायची. रेशनच्या ऑफिसात खिडकीवरच्या माणसाने "मालकाचं नाव?" असं विचारलं की ती मला पुढे करायची. मी ठणठणीत आवाजात बाबांचं नाव, आजोबांचं नाव, आडनाव सांगायचे. आई शेजारी उभी राहून पदर सारखा करायची आणि गालातल्या गालात हसायची. मला वाटतं, ते नाव दुसऱ्याने मोठ्याने घेतलेलं तिला आवडायचं.

मी मॅट्रिक होऊन कॉलेजात नाव घातलं त्या सुमाराला मुंबईत संयुक्त महाराष्ट्राचं रान पेटलं होतं. सभा, हरताळ, लाठीमार, आणि मग गोळीबार. गोळीबाराच्या दुसऱ्या दिवशी लालबागहून मामा आला. तो कधीही पायऱ्या चढायच्या आधीच आईला हाक मारायचा. त्या दिवशी गुपचूप येऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसला. त्यांच्या चाळीत आईची एक मैत्रीण होती, बरोबर सागरगोटे खेळलेली, लग्न होऊनही त्याच चाळीत दोन खोल्या पलीकडे राहिलेली. बाहेर गडबड झाली म्हणून ती गॅलरीत वाळत घातलेले कपडे काढायला गेली आणि तिला गोळी लागली.

"बाय, ती गेली गो," मामा म्हणाला. "हास्पिटलात नेईसर जीव ऱ्हवलो नाय."

आई पोळ्या लाटत होती. तिने ती पोळी पूर्ण लाटली, तव्यावर टाकली, भाजली, आणि मग, गॅस नव्हता तेव्हा, शेगडीतले निखारे चिमट्याने बाजूला केले. बाबा पुढच्या खोलीतून आले. त्यांनाही वाईट वाटलं होतं, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"फार वाईट झालं," ते म्हणाले. "चौकशी होईल."

"कोण करणार?" आईने विचारलं.

"सरकार करेल की."

आई हसली. मी तिला तसं हसताना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं, आणि बाबांनीही नसावं. ते परत पुढच्या खोलीत गेले.

पुढच्या रविवारी चार वकील आमच्याकडे आले. गोळीबाराचा निषेध करणारं पत्रक त्यांनी इंग्रजीत तयार केलं होतं आणि त्यावर गिरगावातल्या सगळ्या वकिलांच्या सह्या घ्यायच्या होत्या. बाबांनी चष्मा पुसला, पत्रक दोनदा वाचलं. व्याकरणाच्या दोन चुका सुधारल्या. एक कलम चुकीचं पडलं होतं ते पुस्तक काढून दुरुस्त केलं. एका वाक्याला तर त्यांनी अशी धार आणली की आलेले वकील वा वा करायला लागले. मग सहीची जागा आली तेव्हा त्यांनी पेनाला टोपण लावलं.

"मजकूर उत्तम आहे," ते म्हणाले. "माझं नाव सध्या नको."

मी आणि आई चहाचे कप घेऊन दारातच होतो. आईने कप ठेवले, साखर पुरेशी आहे का ते विचारलं आणि आत आली.

'सध्या' का, ते आम्हाला ठाऊक होतं. बाबांचे एक स्नेही सरकारी वकील होते, दादरला राहायचे. जज्जाच्या जागेसाठी वर जी नावं गेली होती त्यात बाबांचंही आहे, असं त्यांनी खात्रीने सांगितलं होतं. चौकशी चालू आहे, घरादाराचीसुद्धा होते, तेवढे दिवस जपून राहा. नळावरच्या मारामाऱ्या ऐकून वीस वर्षं काढलेल्या माणसाला ही केवढी गोष्ट होती, ते मला आज कळतं. तेव्हाही थोडंफार कळत होतं. बाबांनी त्या दिवसांत नवा काळा कोट शिवायला टाकला होता आणि शिंप्याला कारण मात्र जुना विरला असं सांगितलं होतं.

आईने बाबांना काही विचारलं नाही, सांगितलं नाही. एका दुपारी मी कॉलेजातून आले तर ती लुगडं बदलून, केसांना तेल लावून तयार. शेजारच्या काकू दारात उभ्या.

"पातेल्यात भात आहे," आई मला म्हणाली. "आमटीला फोडणी तेवढी दे. ह्यांना कोकमाचं सार लागतं, कोकमं फडताळात खालच्या बरणीत आहेत."

"कुठे चाललीस?"

"काकूंबरोबर," ती म्हणाली आणि चपला घालून निघाली.

काकूंबरोबर म्हणजे बायकांच्या सत्याग्रहाच्या तुकडीत. जमावबंदीचा हुकूम होता. तो मोडायचा, पोलिसांनी धरलं की गाडीत चढायचं. नाक्यावर त्यांनी घोषणा दिल्या, पोलिसांनी धरलं, आणि संध्याकाळी बाबा कोर्टातून घरी येईपर्यंत वाडीत सगळ्यांना ठाऊक झालं होतं. बाबांना मीच सांगितलं. त्यांचा पहिला प्रश्न, "कोणी पाहिलं?"

आपलाच प्रश्न ऐकून त्यांना लाज वाटली असावी, कारण ते लगेच जामिनाचं बोलायला लागले. पण सत्याग्रही जामीन देत नसत. स्वतःसाठी वकीलही देत नसत. कोर्टात उभं राहायचं, होय, कायदा मोडला म्हणायचं आणि होईल ती शिक्षा घ्यायची, ही त्यांची पद्धत होती.

"अशा पक्षकाराचं कोणी काय करायचं?" बाबा म्हणाले आणि न जेवता बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी बायकांना त्याच कोर्टात आणणार होते जिथे बाबांची सकाळची एक केस लागली होती. बाबांना ती पुढे ढकलता आली असती. त्यांनी ढकलली नाही. मी आईचे कपडे आणि तिची कंगवा-फणीची पिशवी घेऊन गेले आणि मागच्या बाकावर बसले. बाबा पुढे, वकिलांच्या बाकावर. आमच्या घरच्या बायका कोर्टाकडे कधी फिरकत नसत, त्यामुळे तिथल्या कोणाला आई माहीत असण्याचं कारण नव्हतं.

बायका ओळीने उभ्या राहिल्या. कारकून प्रत्येकीला विचारत होता, नाव, यजमानांचं नाव, वय. आता ही गंमत तुम्हाला सांगायला हवी. कायदा मोडायला निघालेल्या त्या बायका, पोलिसांच्या गाडीत गाणी म्हणत गेलेल्या, पण यजमानांचं नाव म्हटलं की जी ती लाजून शेजारणीकडे बघायची. शेजारीण सांगायची. मग शेजारणीच्या यजमानांचं नाव पुढची सांगायची. कोर्टात हशा पिकला. मॅजिस्ट्रेट पारशी होते, त्यांनाही ही रीत ठाऊक असावी, कारण ते रागावले नाहीत. ओळीत शेजारणींचा हा कारभार छान चालला होता. काकूंच्या यजमानांचं नाव आईनेच सांगितलं, स्पष्ट आवाजात.

मग आईची पाळी आली. तिने स्वतःचं नाव सांगितलं, नुसतं पहिलं.

"यजमानांचं नाव?"

"नाव घेत नाही," आई म्हणाली.

"अहो बाई, हे हळदीकुंकू नाही. सांगा."

"घेत नाही."

"बरं, कोणी दुसरी सांगा." कारकून काकूंकडे वळला. काकूंनी तोंड उघडलं आणि आईने त्यांचा हात धरला. मला लांबून दिसलं, साधा धरला नाही, दाबला. काकू तोंड उघडंच ठेवून गप्प झाल्या. रेशनच्या ऑफिसातलं माझं काम ते, मी उठायलाच लागले होते. आईने माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. एवढीशी. मी बसले.

मग तिने वकिलांच्या बाकाकडे पाहिलं. बाबांची पाठ मला दिसत होती. ते आपल्या फायलीची नाडी सोडत होते. सोडून झाली तशी परत बांधायला लागले. कोर्टातली सगळी माणसं त्या हट्टी बाईकडे टकामका बघत होती आणि एकच माणूस बघत नव्हता.

"लिहा," मॅजिस्ट्रेट म्हणाले. "सांगत नाहीत."

गुन्हा सगळ्यांनीच कबूल केला. सगळ्यांना सारखी साधी कैद झाली, काही आठवड्यांची. संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे अशी घोषणा देत बायका बाहेर गेल्या. त्यानंतर बाबांची केस निघाली. नळावरचीच होती. ते उभे राहिले, बोलले, साक्षीदाराची उलटतपासणी घेतली. बाबांनी ती केस जिंकली, आणि हे मला फार दिवस सहन होत नव्हतं.

वाडीत आईचं कौतुक सुरू झालं. ते दोन तऱ्हेचं होतं. तरुण पोरं म्हणत, वहिनी वाघीण आहे. आणि मोठी माणसं म्हणत, बाई केवढी धोरणी! तुरुंगात गेली, पण नवऱ्याच्या नावाला डाग लागू दिला नाही. दादरचे स्नेही मुद्दाम टॅक्सी करून आले. मी केलेला चहा त्यांनी गोडमिट्ट असूनही सगळा प्यायला.

"वहिनींनी कमाल केली हो," ते म्हणाले. "कागदावर काही नाही! आता तुम्ही फक्त गप्प राहायचं. महिन्याभराचा प्रश्न आहे."

बाबांनी मान डोलावली. स्नेह्यांना खालपर्यंत पोचवून ते वर आले आणि माझ्यासमोर पाटावर बसले. मी तांदूळ निवडत होते.

"तुला काय वाटतं गं," त्यांनी विचारलं, "तिने ते माझ्यासाठी केलं?"

त्यांनी माझं मत असं कधी विचारलं नव्हतं. दुसऱ्या कुठल्या दिवशी मला केवढा आनंद झाला असता. पण माझा राग डोक्यात गेलेला होता.

"तुमचं नाव सध्या नको होतं ना तुम्हाला?" मी म्हणाले.

ते उठून गेले नाहीत. तिथेच बसून माझ्या सुपातले खडे वेचत राहिले. मग फार हळू म्हणाले, "की तिने मला टाकलं?"

तेव्हा मला कळलं की देवमाणूस आतून किती घाबरलेला आहे. जागा मिळेल की नाही याची धास्ती नव्हती ती, तीही असेल, पण ही निराळी होती. वीस वर्षं ज्या बाईने त्यांचं नाव लाजून घेतलं नाही, तिने या खेपेला ते कशापायी घेतलं नाही, हे त्यांना समजत नव्हतं. शब्द तेच होते. कोर्टात बोललेल्या शब्दाचा अर्थ लावणं हा ज्याचा धंदा, त्याला आपल्याच बायकोच्या दोन शब्दांचा अर्थ लागेना. रात्रंदिवस तेच. जेवता जेवता हात थांबायचा. बाजारात गेले की मासळीऐवजी भाजी घेऊन यायचे. मला त्यांची दया यायची आणि दया आली म्हणून पुन्हा राग यायचा. आई तुरुंगात, आणि मी त्यांची दया का करायची?

शेवटी त्यांनी ठरवलं की तिला विचारायचं. पण ठरवलं तेही वकिली ठरवलं. नातेवाईक म्हणून भेटायला गेलं की नातं लिहावं लागतं. वकिलाला ते लागत नाही. म्हणून ते काळा कोट घालून, पांढरे बँड लावून निघाले, आणि मला म्हणाले, तू बाहेर थांब. मी तुरुंगाच्या फाटकाशी झाडाखाली थांबले. थोड्या वेळात ते परत आले. कोट काढून हातावर घेतला होता. ट्राममध्ये बसल्यावर त्यांनीच सांगितलं. त्यांनी चिठ्ठी आत पाठवली, वकील भेटायला आले आहेत म्हणून. आतून निरोप आला, 'मी वकील दिलेला नाही.'

"बरोबर आहे तिचं," बाबा म्हणाले. "वकीलपत्र कुठे आहे माझ्याकडे?"

मला हसू येत होतं आणि रडूही येत होतं. खिडकीतून बाहेर बघत मी तोंड लपवलं.

पुढच्या भेटीच्या वारी बाबा सकाळी लवकर उठले. माझी वेणी घालू का म्हणाले. मी कॉलेजात जाणारी घोडी, मला वेणी कसली घालता, म्हणाले मी. तरी घालून घेतली. या खेपेला वेणी पार सैल झाली. त्यांनी साधा सदरा आणि धोतर घातलं. त्या दिवशी त्यांच्या दोन केसेस होत्या. त्या त्यांनी एका ज्युनियरकडे दिल्या. मग म्हणाले, "चल. आज तू बाहेर नाही थांबायचं."

तुरुंगाच्या कचेरीत एक वयस्कर अंमलदार होता. त्याने वही उघडली आणि बोट ठेवलं.

"या बाईंच्या नावापुढे यजमान कोणी नाहीत. तुम्ही कोण?"

"मीच तो," बाबा म्हणाले.

"असं कसं चालेल साहेब? अर्ज द्या. नाव, पत्ता, धंदा, बाईंशी नातं. सगळं."

बाबांनी दुसऱ्यांचे अर्ज किती लिहिले असतील त्याला गणती नाही. स्वतःचा लिहायला बसले तर पहिला कागद फाडला. दुसरा फाडला. अर्जदार हा असं सुरू करायचे आणि अडायचे. तिसऱ्या कागदावर त्यांनी अर्जदार वगैरे काही घातलं नाही. 'ही माझी बायको आहे, मला तिला भेटायचं आहे,' एवढं मराठीत लिहिलं. खाली आपलं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, बी.ए., एलएल.बी., वकील, गिरगावचा पत्ता. सही केली. अंमलदाराने कागद वाचला, पदवी वाचली, आणि चष्म्यावरून बाबांकडे पाहिलं. माणूस भला होता.

"हा कागद वर जाईल हं, साहेब. आमच्याकडे राहत नाही. विचार करा."

"जाऊ दे," बाबा म्हणाले.

आणि तो गेला. कसा, कोणाकडे, ते आम्हाला कळलं नाही, पण जागा दुसऱ्या कोणाला तरी मिळाली. बाबांना त्या वर्षी मिळाली नाही आणि पुढेही कधी मिळाली नाही. त्यांनी ते हसून सोडून दिलं असं मी म्हणणार नाही. पुढे वर्षानुवर्षं पेपरात नव्या नेमणुका छापून आल्या की ते ती नावं सावकाश वाचत, पेपर घडी करून ठेवत, आणि त्या दिवशी त्यांच्याशी कोणी बोलायचं नसे. दादरचे स्नेही पुन्हा आमच्या घरी आले नाहीत. नवा शिवलेला कोट बाबा नळावरच्या मारामाऱ्यांना घालून जात.

पण त्या सकाळी हे सगळं अजून व्हायचं होतं. आम्ही बाकावर बसलो होतो आणि आतून आई आली. बारीक झाली होती. केस नीट विंचरलेले, कुंकू लावलेलं. मला पाहून हसली. बाबांकडे बघून थांबली.

"बाई, हे तुमचे यजमान म्हणतात," अंमलदार म्हणाला. "खरं का?"

"हो."

"नाव?"

"त्यांनी लिहिलं नाही का?"

"लिहिलंय."

"मग मी कशाला घेऊ?" आई म्हणाली आणि पदर सारखा करून समोर बसली.

बाबांना एवढे दिवस जे विचारायचं होतं ते त्यांनी लगेच विचारलं. इकडचं तिकडचं काही न बोलता, मी तिथे बसलेली असताना. "त्या दिवशी का नाही सांगितलंस?"

"तुम्हाला नको होतं म्हणून."

"मी उभा राहायला हवं होतं."

"उभं राहा कोण म्हणत होतं?" आईचा आवाज पहिल्यांदा चढला, लालबागच्या घरात चढायचा तसा. "जज्ज व्हायचं होतं तुम्हाला, मला ठाऊक नव्हतं? मी सांभाळलं असतं सगळं. सांभाळलंच. पण तिथे उभ्या होत्या त्या प्रत्येकीच्या घरचं कोणीतरी तिच्याकडे बघत होतं. काकूंचे यजमान रडत होते. माझी मैत्रीण मेली आणि मी त्या पिंजऱ्यात एकटी, आणि तुम्ही नाडी बांधत होतात. एकदा मान वर करायची होती. नुसतं बघायचं होतं माझ्याकडे. कोणाला कळलंसुद्धा नसतं."

बाबा रडायला लागले. अंमलदार वही घेऊन खिडकीकडे गेला. मी बाबांना कधी रडताना पाहिलं नव्हतं, मला त्यांच्याकडे बघवेना. ते पुन्हा खाली मान घालून बसले होते. आईने टेबलावरून हात पुढे केला, त्यांच्या हनुवटीला लावला आणि लहान मुलाचं तोंड धुताना वर करतात तसं त्यांचं तोंड वर केलं.

"आता बघा," ती म्हणाली. "अजून पाच मिनिटं आहेत."